हेन्री वॉल्टर बेट्स

इंग्लंडमधील लेस्टर हे गाव मोजे विणण्याच्या धंद्याचे. तेथे १८२५ साली हेन्री वॉल्टर बेट्स यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि मोज्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी सुरू झाली. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत ते राबत आणि सवड मिळाली की रानात जाऊन भुंगेरे गोळा करीत.

१८४८ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या मित्रासह ते दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेले. जवळ द्रव्यबळ नव्हते. कीटक जमवून विक्रीसाठी लंडनला पाठवावे व त्यावर निर्वाह करावा, असा बेत होता. वॉलेस चार वर्षांनी परतले. बेट्स अकरा वर्षे राहिले. एकदा तर वर्षभर मायदेशाहून ना पत्र आले, ना पैसा. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायांत जोडा उरला नाही आणि गाठीची बहुतेक नाणी चोरीस गेली.

दुबळे जीव आपला बचाव कसा करतात, याचा एक पाठ त्यांना स्वतःच्या कातडीवरच मिळाला. पक्ष्यांनाही खाणारा एक प्रचंड केसाळ कोळी त्यांनी मारला व बेसावधपणे हाताळला. त्याचे बारीक केस गळून कातडीत रुतले आणि तीन दिवस बेट्स विलक्षण हैराण झाले. अशा जातीचे कोळी जिवंतपणी मागच्या पायांनी पोटावरचे केस खरवडून शत्रूवर उडवतात!

एके दिवशी पानांतून एक विषारी सापच डोकावतो आहे असे वाटून ते दचकले. पाहतात तो काय, ती एक सुरवंटाची अळी! अंगाचा पुढचा भाग फुगवून तिने सापाचे डोके केले होते. त्यावर डोळ्यांसारखे काळे ठिपकेही होते. बेट्स यांनी ती गावात नेली, तेव्हा गावकऱ्यांचीही घाबरगुंडी उडाली. (या प्रकारात त्यांना थोडी गंमत वाटली असावी.)

परंतु त्यांना खरे कोडे घातले ते फुलपाखरांनी. काही भडक रंगांची फुलपाखरे अगदी संथपणे उडत, तरी पक्षी त्यांना शिवत नसत. कारण ती बेचव व दुर्गंधी होती. त्यांच्या थव्यांत निराळ्याच कुळातील काही फुलपाखरे हुबेहूब तेच रूप घेऊन वावरत. बेट्स यांनी १८६२ साली याचा उलगडा प्रसिद्ध केला. घाणेरड्या चवीचा अनुभव घेतलेला पक्षी तशा रूपाच्या कोणालाही टाळतो. म्हणून ज्यांचे रूप थोडेफार जुळले, ती वाचली. पिढ्यानपिढ्या हे साम्य वाढत गेले. आपल्याकडे रुईवर वाढणाऱ्या ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराचे सोंग ‘छोटा चांदवा’ याची मादी घेते, तेही असेच. हा पुरावा पाहून चार्ल्स डार्विन यांना फार आनंद झाला. अशा सोंगाला आज बेट्स यांचेच नाव आहे.

१८५९ साली ते मायदेशी परतले, तोवर त्यांनी १४,७१२ जातींचे प्राणी जमवले होते. त्यांतील सुमारे ८,००० जाती शास्त्राला अज्ञात होत्या. देह मात्र तापाने खंगला होता. १८६४ पासून त्यांनी लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत साहाय्यक चिटणीसाचे काम पाहिले. १८९२ साली त्यांचे निधन झाले.