कर्मवीर भाऊराव पाटील : श्रमातून समतेचे शिक्षण

आपले औंध ज्या खटाव तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. जोतीरावांचा सत्यशोधक विचार या जिल्ह्यात मुलांच्या रोजच्या जगण्यात उतरविला, तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. मॅट्रिकही ते होऊ शकले नाहीत.

पुढे औंध संस्थानाच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर कारखान्याचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. कुणब्याच्या घरातील अज्ञान आणि त्यातून वाढणारे कर्ज त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

याच साताऱ्यात १९०० साली बाल भीमरावांचे नाव शाळेत दाखल झाले होते आणि त्यांना इतरांपासून दूर, गोणपाटावर बसावे लागले होते. पाव शतकाच्या आत त्याच शहरात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली.

या वसतिगृहातील मुले स्वयंपाक, झाडलोट व शेतीची कामे स्वतः करीत. पिठाचा हिशेब करताना गणित आणि मातीत राबताना निसर्ग समजे; शेजारच्या मुलाच्या हातची भाकरी खाताना समाज समजे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या पूर्वजांना श्रम नवे नव्हते. वेठ आणि बलुत्यात त्यांच्या पिढ्या खपल्या. परंतु ते काम जन्माने लादलेले होते. भाऊरावांनी कामाची जातीशी असलेली गाठ तोडली. पाळी सर्वांची आणि ताटही सर्वांचे, म्हणून तेथे झाडू हाती घेण्यात कमीपणा उरला नाही.

या संसारासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तरी बोर्डिंगची चूल विझली नाही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह ठरले. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, ९ मे रोजी, कर्मवीरांनी देह ठेवला.

आज प्राथमिक वर्गांत मुलांना स्वतःची ओळख, गाव आणि परिसर यांवर प्रकल्प दिले जातात. पुष्कळदा ते बाजारात मिळणाऱ्या चित्रांच्या तक्त्यावर संपतात. आपल्या वसतिगृहातील मुलाने लावलेले रोप, मांडलेला हिशेब आणि पाळीने घासलेली ताटे हाही प्रकल्पच आहे. मात्र ती पाळी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाला चुकते, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी रोज पाहिले पाहिजे. कर्मवीरांचे स्मरण करण्याचा याहून खरा मार्ग मला दिसत नाही.