सर हॅरी लॉडर : खाणीतून रंगभूमीवर

एडिनबराजवळील पोर्टोबेलो या समुद्रकाठच्या गावी ४ ऑगस्ट १८७० रोजी हॅरी लॉडर यांचा जन्म झाला. १८८२ साली वडील वारले. सात भावंडांत हॅरी थोरले. त्यांनी आर्ब्रोथच्या गिरणीत काम करीत शाळा केली, आणि पुढे हॅमिल्टनच्या कोळशाच्या खाणीत सुमारे दहा वर्षे काढली. खाणीत सोबत्यांना गाऊन दाखविता दाखविता ते रंगभूमीवर आले.

अंगावर किल्ट, हातात वाकडी काठी आणि मुखी साधी, गोड प्रेमगीते! १९०५ चे ‘आय लव्ह अ लॅसी’ आणि १९११ चे ‘रोमिन इन द ग्लोमिन’ ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घरोघरी पोचली. अमेरिकेतील त्यांचे दौरे विल्यम मॉरिस या ज्यू व्यवस्थापकाने आखले.

२८ डिसेंबर १९१६ रोजी एकुलता एक मुलगा जॉन फ्रान्समध्ये लढाईत पडला. नववर्षाच्या दिवशी ही बातमी घरी आली. तरीही थोड्याच दिवसांत लॉडर लंडनच्या रंगमंचावर उभे राहिले. १९१७ साली त्यांनी फ्रान्समध्ये आघाडीवर जाऊन सैनिकांसाठी गायन केले व जायबंदी स्कॉटिश सैनिकांसाठी निधी उभारला. पुत्रशोकातूनच त्यांचे ‘कीप राइट ऑन टू द एंड ऑफ द रोड’ हे धीर देणारे गीत जन्मले.

१९१९ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २६ फेब्रुवारी १९५० रोजी ते निवर्तले. पोर्टोबेलोजवळील एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. एडिनबऱ्यास जाणाऱ्या बंधुभगिनींनी तो जरूर पाहावा.