नाताळचा केक शिकलेले तलश्शेरीचे बापू



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामात दोन विषय हमखास निघतात. एक गव्हाणीचा आणि दुसरा केकचा. गव्हाणीचे काम तरुण मंडळी पाहतात. केकवर मात्र दरवर्षी वाद होतो. घरी करायचा की बेकरीतून आणायचा, हा झाला लहान वाद. मोठा वाद ज्येष्ठ मंडळींचा असतो. त्यांच्या मते केक हा साहेबाचा पदार्थ, आपला खरा नाताळ करंजी, शंकरपाळे आणि चकलीचा. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीच्या भाकरीचा. चूल आणि तवा घरोघरी, पण भट्टी कोणाकडे असणार? तरीही आपल्या आई-आजींनी केक केलाच. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, त्यात केकचा डबा ठेवला, झाकणावर निखारे पसरले आणि वासावरून अंदाज घेतला. हे त्यांना कोणी वर्गात शिकवले नव्हते.

म्हणूनच या रविवारी आम्ही अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत, ज्याने नाताळचा केक असाच, समोर आलेल्या एका नमुन्यावरून शिकून घेतला. त्याचे नाव माम्बल्ली बापू. नाव ऐकून कोणाला ते आपल्याकडचे वाटतील, पण हे बापू केरळचे, मलबार किनाऱ्यावरील तलश्शेरी गावचे. इंग्रज या गावाला तेल्लिचेरी म्हणत. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. बापू ख्रिस्ती नव्हते. ते हिंदू घराण्यातले होते.

बापूंचा मूळ पिंड व्यापाऱ्याचा. इंग्रजी फौजेला लागणारा चहा, दूध, पाव असा माल ते इजिप्तपर्यंत पाठवीत, असे त्यांच्या घराण्यात सांगतात. त्याच फिरतीच्या काळात ते ब्रह्मदेशात गेले आणि तेथे एका बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी हे काम शिकून घेतले. परत आल्यावर १८८० साली त्यांनी तलश्शेरीत ‘रॉयल बिस्किट फॅक्टरी’ सुरू केली. पाव, बन, रस्क आणि चाळीसएक प्रकारची बिस्किटे तेथे होत. त्या काळी भट्टीतला माल मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी असे. आपल्या लोकांना त्याची चव लावणाऱ्या पहिल्या काही माणसांत बापूंचे नाव घेतले जाते.

तलश्शेरीजवळ अंजरकंडी येथे दालचिनीचा मोठा मळा होता. तो मळा पाहणारे मर्डॉक ब्राउन नावाचे स्कॉटिश गृहस्थ १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये बापूंच्या दुकानात आले. त्यांच्याजवळ विलायतेहून आणलेला एक प्लम केक होता. नाताळ महिन्यावर आला होता. तो केक बापूंपुढे ठेवून, असा केक करता येईल का, असे त्यांनी विचारले. केक कसा करतात हे त्यांनी थोडक्यात सांगितले. कोको, खजूर, मनुका असे काही साहित्यही दिले.

येथे जरा थांबावेसे वाटते. बापूंना बिस्किटे येत होती, पाव येत होता. केक त्यांनी कधी केलेला नव्हता. आणि ज्याने भट्टीपुढे दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते की ही कामे सारखी नाहीत. बिस्किटाचे पीठ घट्ट, ते पातळ लाटायचे, ते लवकर भाजून कोरडे होते. पावाचे पीठ मळायचे, आंबवायचे, फुगू द्यायचे. केकचे पीठ या दोन्हींहून वेगळे, सैल. ते फार ढवळले तर केक चिवट होतो, आच जास्त झाली तर वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. आमच्या घरचा पहिला केक खालून करपला होता आणि मध्ये खचला होता. आम्ही तो साखर भुरभुरून झाकला आणि मुलांनी तो खाल्ला. बापूंना ती सोय नव्हती. त्यांचे गिऱ्हाईक चव जाणणारे होते, अस्सल नमुना त्याच्या जिभेवर होता आणि दुकान सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. नाही म्हणून टाकणे सोपे होते. बापूंनी काम अंगावर घेतले.

केकसाठी साचा हवा होता. तो त्यांनी जवळच्या धर्मडम येथील एका लोहाराकडून घडवून घेतला. मसाल्यांना मलबारात काय तोटा! ते तेथल्याच मळ्यांतून आले. प्रश्न राहिला मद्याचा. माहे हे फ्रेंचांचे गाव तेथून सात-आठ किलोमीटरवर. तेथून फ्रेंच ब्रँडी आणून केकमध्ये घालावी असे ब्राउनसाहेबांनी सुचवले होते. बापूंनी ते ऐकून घेतले, पण ब्रँडी आणली नाही. काजूची बोंडे आणि कदळी जातीची केळी यांपासून केलेले गावठी पेय त्यांनी केकच्या पिठात घातले. आम्हाला या साऱ्या गोष्टीत हा भाग फार आवडतो. सांगितलेली कृती त्यांनी मोडली असे कोणी म्हणेल. पण फळांना मुरवणारा आणि केक टिकवणारा असा काहीतरी अर्क हवा, हे कृतीचे मर्म त्यांनी बरोबर धरले होते. (मद्याचा उल्लेख आल्याने कोणी काळजी करू नये. संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुकांचा केकही छान होतो, फक्त तो लवकर संपवावा लागतो. तो संपतोच.)

२० डिसेंबर १८८३ रोजी बापूंनी आपला केक ब्राउनसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो चाखला आणि खूश होऊन आणखी एक डझन केकची ऑर्डर दिली.

भारतात तयार झालेला हा पहिला नाताळचा केक, असे आज सर्वत्र सांगितले जाते. याला सरकारी कागदाचा आधार नाही. बापूंच्या घराण्याने जपलेली ही आठवण आहे. आमचे मत विचाराल तर, कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या घरांतील खानसामे त्याआधीही केक भाजत असणारच. तेव्हा ‘पहिला’ या शब्दावरून हुज्जत घालू नये. एका भारतीय माणसाने आपल्या बेकरीत, आपल्या मातीतला जिन्नस घालून तो केला आणि पुढे विकला, एवढे आपल्याला पुरेसे आहे.

बापूंच्या पश्चात त्यांचे भाचे गोपाल माम्बल्ली यांनी धंदा वाढवला. गोपाल यांना अकरा मुले, आणि तीही मोठी झाल्यावर याच कामात आली. घराण्याच्या शाखा केरळच्या निरनिराळ्या शहरांत पसरल्या. तलश्शेरीला आज केक, क्रिकेट आणि सर्कस यांचे गाव म्हणतात. इंग्रजीत लिहिल्यास तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. यातील सर्कस तर आपल्या मराठी माणसाने तेथे नेली. विष्णुपंत छत्रे आपली सर्कस घेऊन तलश्शेरीला गेले आणि तेथील कीलेरी कुन्हीकण्णन यांनी कसरतपटू तयार करण्याचे काम पत्करले. छत्रे यांची सर्कसही १८८० सालीच सुरू झाली होती. बापूंचा केक त्यांनी खाल्ला की नाही, कोण जाणे!

आता पुन्हा आपल्या सोलापुरात येऊ. बापूंनी काजूची बोंडे वापरली, कारण ती त्यांच्या अंगणात होती. आपल्या अंगणात काय आहे? बेदाणा आहे, तोही पंढरपूर-सांगलीकडचा, मनुका परदेशाहून आणायला नकोत. साखर आणि गूळ तर जिल्ह्यातलेच. रंगीत टुटीफ्रुटी म्हणजे दुसरे काही नसून पाकात मुरवलेली कच्ची पपई, ती घरीही करता येते. मार्झिपान विलायतेत बदामाचे करतात. गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत ते काजूचे झाले, आणि साच्यातून काढलेली त्याची फुले, मासे, तारे मुलांना केकपेक्षाही जास्त आवडतात.

केक सजवणाऱ्या ताई-दादांसाठी एक सूचना. अंड्याचा पांढरा बलक, आयसिंग शुगर आणि लिंबाचे थेंब यांचे पांढरे आयसिंग मुंबईच्या दमट हवेत सुकायला वेळ लावते. आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी. त्यामुळे ते वाडग्यातच वाळते आणि कोनाचे टोक बंद होते. वाडग्यावर सतत ओले फडके ठेवावे आणि थोडे थोडेच कोनात भरावे. केक पुरता गार झाल्याशिवाय सजावटीला हात लावू नये. घाईने लावलेला तारा गरम केकवरून घसरतो, आणि मग आपण त्याला ढग म्हणतो.

नाताळच्या फराळाचे ताट आपण शेजारी हिंदू-मुसलमान घरी देतो, ती पद्धत जुनी आहे. केकचा तुकडा त्या ताटात ठेवताना मुलांना बापूंची गोष्ट जरूर सांगावी. पुण्याहून केक आणणाऱ्यांनी हेही सांगावे की कॅम्पातली प्रसिद्ध कयानी बेकरी इराणी कुटुंबाची आहे, १९५५ सालची. कलकत्त्यात नाताळच्या केकसाठी लोक ज्या नाहूमच्या दुकानापुढे रांग लावतात, ते १९०२ पासूनचे यहुदी कुटुंबाचे. आणि तलश्शेरीचे बापू हिंदू. येशूबाळाच्या जन्मदिवसाचा केक आपल्या देशात कोणाकोणाच्या हातून भाजून आला, ते आमच्या ज्येष्ठ मंडळींनीही करंजी खाता खाता ऐकावे. फळे भिजवायची असतील तर मात्र आता उशीर करू नये, निदान दोन आठवडे तरी ती मुरायला हवीत.