टाकळीचा थर आणि स्टीफन हिस्लॉप

दिघीच्या टेकडीवरचा दगड फोडून पाहावा, तर आत काळा, कठीण पाषाण निघतो. क्वचित एखाद्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकतात. शिंपला, पान किंवा हाड मात्र त्यात सापडावयाचे नाही. सापडणार तरी कसे? हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला तप्त रस आहे. आमच्या लोकांनी या दगडाचे किल्ले बांधले, जाती घडविली, पाये भरले. पण तो आला कोठून, हे विचारण्याची तसदी आम्ही फारशी घेतली नाही. हाच पाषाण पूर्वेस जेथे संपत येतो त्या नागपूर प्रांती हा प्रश्न ज्यांनी मनापासून विचारला, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढील वर्षीच त्यांनी शाळा काढली. धर्मप्रसार हा त्यांचा व्यवसाय. त्याविषयी कोणाचे काहीही मत असो, आमचा येथील विषय त्यांचा फावला वेळ हा आहे. दौऱ्यावर निघाले की वाटेतील ओढ्यांचे काठ आणि टेकड्यांच्या कडा ते न्याहाळीत. रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांच्यासोबत असत.

सीताबर्डीजवळच्या टाकळी येथे १८५१ च्या सुमारास या दोघांचे लक्ष एका चमत्कारिक गोष्टीकडे गेले. खाली काळा पाषाण, वरही काळा पाषाण, आणि मध्ये जुन्या गाळाचा एक पातळ थर. त्या थरात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख होते, फळे व बिया होत्या, इतकेच नव्हे तर भुंगेऱ्यांच्या पंखांची कठीण आवरणेही दगड होऊन राहिली होती. अग्निरसाच्या दोन थरांमध्ये तळे! म्हणजे एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत इतका काळ लोटला होता की, तेथे पाणी साचले, झाडे फळली आणि जीव नांदले. व्यापाऱ्याच्या वहीत जमाखर्चाच्या नोंदी क्रमाने येतात, तशा निसर्गाच्या नोंदी या थरांत क्रमाने असतात. अमुक थरात अमुक जीव, यावरून त्याचे वय ठरते.

हिस्लॉप यांनी सापडलेले नमुने ज्यास जे समजते त्याच्याकडे धाडले. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले व त्यास ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. नागपूर प्रांतातील पानांच्या ठशांवर बनबरी यांनी १८६१ साली लिहिले. ते ठसे ज्या खडकांतले, त्यांचे नाते बंगालच्या कोळशाच्या थरांशी आहे, हे हिस्लॉप यांच्या ध्यानी आले होते. पुढे १८७० नंतर वरोड्यास कोळशाची खाण निघाली, तेव्हा अशा ज्ञानाची किंमत रुपयांतही कळून आली. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरील मोठा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला. शंखांवरचा हिस्लॉप यांचा निबंध १८६० साली आला.

ते सर्वच बाबतींत बरोबर होते असे नव्हे. टाकळीच्या थराखालचा पाषाण मागाहून खालून घुसला असावा, अशी त्यांची समजूत होती. ब्लॅनफर्ड यांनी १८६७ साली दाखविले की, रसाचे थर क्रमाने एकावर एक साचले आणि मधल्या विरामात लहान लहान तळी झाली. शंखांचे वयही हिस्लॉप यांनी मानले त्याहून थोडे अधिक निघाले. पण चूक दुरुस्त करणाऱ्यालाही पुरावा त्यांच्याच खोक्यांतून मिळाला. मुकाट्याने घोकणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपेक्षा असा एक चुकणारा माणूस आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आमच्या शाळांत मात्र मुलगा भूगोलाच्या पुस्तकातील डोंगरांची नावे म्हणतो आणि खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहत नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप हे मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना बोरीजवळ फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. गोंड आदी जमातींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. १८८३ साली नागपुरात त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. नागपूरच्या तलावातील एका इवल्याशा जीवास कार्टर यांनी १८५८ सालीच हिस्लोपिया असे नाव दिले होते. टाकळी आज शहराच्या वस्तीत सामावून गेली आहे. तेथील शंख आणि बिया पाहावयाच्या असतील, तर लंडनच्या संग्रहालयाची वाट धरावी लागते.