सुकाणू कोणाच्या हाती?

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव जन्माला आले १९५५ मध्ये. जॉन मॅकार्थी या तरुण अमेरिकन गणितज्ञाने, पुढच्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात भरवायच्या अभ्यासवर्गाच्या प्रस्तावात ते वापरले. वास्तविक विचार करणाऱ्या यंत्रांच्या अभ्यासाला तेव्हा एक नाव होतेच: सायबरनेटिक्स. पण ते नाव घेतले की त्याच्या जनकालाही बरोबर घ्यावे लागले असते. एक तर त्याला गुरू मानायचे, नाही तर त्याच्याशी वाद घालत बसायचे. हे दोन्ही टाळावे, असाही एक हेतू नवे नाव शोधण्यामागे होता, हे मॅकार्थी यांनी पुढे कैक वर्षांनी मोकळेपणाने लिहून टाकले. ज्याला टाळण्यासाठी एका शास्त्राचे बारसे नव्याने करावे लागले, तो माणूस म्हणजे नॉर्बर्ट वीनर.

मी गणितज्ञ नव्हे. बँकेत खातेवह्या सांभाळल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण यंत्र माणसाची जागा घेते म्हणजे नेमके काय होते, हे मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलेले आहे. त्यामुळे वीनर यांच्याकडे मी वळलो तो त्यांच्या समीकरणांसाठी नाही. त्यांनी दिलेल्या नकारांसाठी.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात कोलंबिया येथे झाला. वडील लिओ वीनर हे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, अनेक भाषांचे जाणकार, पुढे हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक आणि टॉलस्टॉयचे भाषांतरकार. त्यांनी मुलाला शिकवायचे ठरवले आणि अक्षरशः घडवायला घेतले. धडा सौम्य स्वरात सुरू होई. पहिली चूक झाली की वडिलांचा आवाज चढे आणि शेवट बहुधा मुलाच्या रडण्यात होई. आठव्या वर्षी डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. शिकवणी बंद झाली नाही. मुलगा ऐकून, मनातल्या मनात बीजगणित आणि भूमिती सोडवू लागला.

अकराव्या वर्षी शाळा संपली, चौदाव्या वर्षी पदवी मिळाली, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट. वर्तमानपत्रांना असा मुलगा हवाच असतो. एका लेखात वडिलांनी सांगितले की आपली मुले मुळात सामान्यच आहेत, सारे यश शिकवण्याच्या पद्धतीचे. हे छापलेले मुलाने वाचले. यश आले तर ते वडिलांचे, अपयश मात्र स्वतःचे, हा हिशेब त्याच्या मनात कायमचा घर करून राहिला. आपण ज्यू आहोत हेदेखील घरच्यांनी त्याच्यापासून बरीच वर्षे लपवून ठेवले होते आणि आई तर ज्यूंबद्दल तुच्छतेने बोलत असे. खरे कळले तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. दुसऱ्याने ठरवलेल्या उद्दिष्टासाठी चालवले जाणे काय असते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढचा भाग भराभर सांगतो. केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकायला गेलेल्या वीनर यांना रसेल यांनीच आइनस्टाइनचे निबंध वाचायला सुचवले. १९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत रुजू झाले आणि १९६० मध्ये तिथूनच निवृत्त झाले. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वेड्यावाकड्या हालचालींना त्यांनी १९२० च्या दशकात काटेकोर गणिती रूप दिले. शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत ठरवणारे १९७३ चे प्रसिद्ध सूत्र याच गणितावर उभे आहे. बँकांच्या ट्रेझरी विभागात रोज ते वापरणाऱ्या किती जणांना वीनर ठाऊक असतील, देव जाणे. जाड भिंगांचा चष्मा, ठेंगणे स्थूल शरीर आणि तोंडात सिगार अशी ही मूर्ती एमआयटीच्या लांबच लांब मार्गिकांतून भटकत असे आणि भेटेल त्याला गाठून बोलत असे. त्यांच्या विसराळूपणाच्या गोष्टींवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या. त्यातल्या निम्म्या तरी रचलेल्या असाव्यात.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे एक प्रश्न आला. विमानविरोधी तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात विमान पुढे सरकते. वैमानिक सरळही उडत नाही, चुकवत राहतो. मग नेम कुठे धरायचा? ज्युलियन बिगेलो या इंजिनिअरला हाताशी धरून वीनर यांनी विमानाच्या आतापर्यंतच्या मार्गावरून पुढचा मार्ग वर्तवणारे यंत्र आखले. प्रत्यक्ष रणांगणावर ते गेलेच नाही. पण त्या खटाटोपात एक कल्पना हाती लागली. आपण तांब्या उचलायला हात पुढे करतो तेव्हा प्रत्येक स्नायूचा हिशेब मांडत नाही. हात आणि तांब्या यांत अंतर किती उरले हे सतत पाहत हालचाल दुरुस्त करत जातो. यालाच फीडबॅक म्हणतात. तोफ, तोफची आणि वैमानिक हे तिघेही याच एका तत्त्वाने चालतात, हे वीनर यांना दिसले.

मग त्यांनी एक विलक्षण प्रश्न विचारला. यंत्रात दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली तर ते लक्ष्याच्या अल्याड-पल्याड हेलकावे खाऊ लागते. माणसात असा आजार असतो का? त्यांचे मित्र, मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएथ, यांचे उत्तर होते, असतो. लहान मेंदूला इजा झालेल्या रोग्याचा हात स्वस्थ असताना ठीक असतो, वस्तू घ्यायला पुढे झाला की थरथरू लागतो. १९४३ मध्ये या तिघांनी मिळून निबंध लिहिला: उद्दिष्ट ही गूढ गोष्ट नाही, ती यंत्रातही घडवता येते. पुढे एमआयटीत तीन चाकांची एक गाडी बनवली गेली. ती प्रकाशाकडे जाई किंवा त्यापासून पळे, आणि तिचा फीडबॅक वाढवला की त्या रोग्याच्या हातासारखी थरथरे. आजच्या यंत्रमानवांच्या कुळातली ही एक थोरली आजी.

या सगळ्याला नाव हवे होते. वीनर यांनी ग्रीक भाषेतला सुकाणू धरणाऱ्याचा शब्द घेतला आणि १९४८ मध्ये सायबरनेटिक्स हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे कर्णधार शब्दातला कर्ण म्हणजे सुकाणूच. क्रिकेटच्या बातम्यांत तो इतका झिजला की होडी दिसेनाशी झाली. समीकरणांनी भरलेले हे पुस्तक अमेरिकेत चक्क हातोहात खपले.

पण त्याआधीच हिरोशिमा आणि नागासाकी घडून गेले होते. १९४६ च्या अखेरीस एका विमान कंपनीच्या शास्त्रज्ञाने वीनर यांच्याकडे त्यांच्या युद्धकाळातल्या अहवालाची प्रत मागितली. काम क्षेपणास्त्रांचे होते. वीनर यांनी नकार दिला, आणि ते पत्र जानेवारी १९४७ च्या अटलांटिक मासिकात छापून आले. निःशस्त्र माणसांवर पडणारी शस्त्रे बनवायला आपले ज्ञान देणार नाही, असा त्याचा आशय होता. याच सुमारास हार्वर्डमधल्या गणकयंत्रांच्या परिषदेतले भाषणही, तिच्यामागे नौदल आहे म्हणून, त्यांनी रद्द केले. ज्या काळात अमेरिकेत संशोधनाचा पैसा मुख्यतः लष्कराकडूनच येत होता त्या काळातली ही गोष्ट आहे. आपल्याच विषयाच्या पंगतीतून हा माणूस उठून गेला.

दुसरी कृती मला याहून मोठी वाटते. ऑगस्ट १९४९ मध्ये वीनर यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉइथर यांना पत्र लिहिले. कारखाना माणसांवाचून चालवणारी यंत्रे आता फार दूर नाहीत, एका कंपनीने त्यासाठी आपला सल्लाही विचारला होता, आणि बाजारावर सोडून दिले तर बेकारी भयंकर असेल, असे त्यांनी कळवले. संघटनेने हे तंत्र स्वतःच्या हाती घेऊन नफा कामगारांसाठी वापरावा किंवा ते दाबून टाकावे. आपण दोन्हीत साथ देऊ. रॉइथर यांनी तारेने उत्तर दिले, पुढे दोघांची भेटही झाली. फळ फारसे निघाले नाही. एका नामांकित शास्त्रज्ञाने आपल्या शोधाची बातमी मालकाआधी कामगारांना द्यावी, हे मात्र मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

आपल्याकडे बँक संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला तो १९८३ मध्ये. त्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले. मोत्यासारख्या अक्षरात लेजर लिहिणारे आमचे हेडक्लार्क त्याच्याकडे पाहत उभे होते. नोकरी त्यांची गेली नाही, करार होता. त्या अक्षराला मात्र दुसऱ्या दिवसापासून काम उरले नाही.

वीनर संत नव्हते. स्तुतीची भूक त्यांना शेवटपर्यंत होती आणि निराशेचे झटके येत. वॉरेन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशीची गणिती प्रतिकृती मांडली होती. आजच्या न्यूरल नेटवर्कचे मूळ तिथे आहे. घरातून पळून आलेल्या पिट्सला वीनर वडिलांच्या जागी होते. १९५२ मध्ये वीनर यांनी दोघांशी एकाएकी संबंध तोडले, कारण सांगितले नाही. पत्नीने कानावर घातलेला खोटा आरोप त्यामागे होता असे चरित्रकार म्हणतात. पिट्सने आपले अप्रकाशित लेखन जाळले, दारूला जवळ केले आणि १९६९ मध्ये तो एकाकी मरण पावला. फीडबॅकचे शास्त्र मांडणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही. वीनर यांच्या चरित्रातले हे पान मला सहजी उलटता येत नाही.

त्यानंतरच्या काळात ते भारतात आले. १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये ते पाहुणे प्राध्यापक होते. तिथे त्यांचे सहकारी होते मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले पेसी मसानी, मिनू मसानींचे धाकटे बंधू. दोघांनी मिळून भाकिताच्या गणितावर निबंध लिहिले. वीनर यांचे समग्र निबंध संपादित करण्याचे काम पुढे मसानींनी केले आणि १९९० मध्ये त्यांचे चरित्रही लिहिले.

१९६० मध्ये सायन्स नियतकालिकात वीनर यांनी एक लेख लिहिला. आर्थर सॅम्युएल यांच्या चेकर्स खेळणाऱ्या प्रोग्रामने आपल्या निर्मात्यालाच हरवायला सुरुवात केली होती. स्वतः शिकणारे यंत्र आपण थांबवण्याआधीच काम उरकून मोकळे होईल, तेव्हा आपण त्याला दिलेले उद्दिष्ट खरोखर आपल्याला हवे तेच आहे का, याची आधी खात्री करा, हा त्यांचा मुद्दा. सॅम्युएल यांनी लगेच खंडन छापले: यंत्राला स्वतःची इच्छा नसते. वीनर यांचे म्हणणे तसे नव्हतेच. आपल्या भस्मासुरालाही वर दिला होता तो शब्दशः पाळला गेला. वीनर यांनी दाखला दिला माकडाच्या पंजाच्या इंग्रजी कथेचा. भारतातून आणलेला मंतरलेला पंजा; म्हातारा दोनशे पौंड मागतो, आणि मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मेल्याची भरपाई म्हणून तेवढेच दोनशे पौंड घरी येतात. आज तिकिटे काढणारे, पत्रे धाडणारे, पैसे भरणारे स्वयंचलित एजंट संगणकात वावरू लागले आहेत आणि त्यांची उद्दिष्टे माणसाच्या उद्दिष्टांशी कशी जुळवावीत यावर संशोधकांचे ताफे राबत आहेत. त्यांच्यातले स्टुअर्ट रसेल यांच्यासारखे ज्येष्ठ लोक या १९६० च्या लेखाचा हवाला देतात.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वीनर पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. बॉस्टनच्या इस्पितळात खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी अस्थितज्ज्ञांपुढे एक जुनीच कल्पना मांडली: हात तुटला तरी उरलेल्या स्नायूंत विजेचे सूक्ष्म संकेत उमटतात, त्यावर यंत्राचा हात चालवावा. जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोममध्ये हृदयविकाराने ते गेले, वय ६९. मातीच्या पुतळ्यात प्राण फुंकण्याच्या ज्यू दंतकथेवरून नाव घेतलेले त्यांचे शेवटचे छोटे पुस्तक त्याच वर्षी निघाले. तो हात १९६८ मध्ये तयार झाला. बॉस्टन आर्म म्हणून तो ओळखला जातो. कोपरापासून वरचा हात गमावलेल्या माणसाने दंडाचा स्नायू आवळला की त्याचे कोपर वाकत असे.