तंजावरच्या राजाचे जर्मन पंतोजी

दौंड स्टेशनात मद्रासकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहिले की मनात एक विचार येतो. ही गाडी ज्या मुलखाकडे निघाली आहे, त्याच मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी भोसले घराण्याची एक शाखा जाऊन स्थिरावली. याच दौंड तालुक्यात भीमेकाठी हिंगणी बेर्डी हे गाव आहे. शिवरायांचे पणजोबा बाबाजी भोसले यांच्याकडे तिथली पाटीलकी होती. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरात राज्य स्थापले आणि कावेरीच्या काठी मराठी दरबार नांदू लागला. त्या गादीवरचे सर्वांत विद्याव्यासंगी राजे म्हणजे दुसरे सरफोजी. या मराठी राजाला घडवले ते एका लुथरपंथी जर्मन मिशनऱ्याने, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. मरणापूर्वी, १७८७ मध्ये, त्यांनी भोसले कुळातल्याच या मुलाला दत्तक घेतले. या पोराचा हात त्यांनी ज्याच्या हाती देऊ केला, तो होता ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ १७२६ साली प्रशियात जन्मला आणि १७५० साली तंजावरच्या किनाऱ्यावरील त्रांकेबारला, म्हणजे तरंगमबाडीला, उतरला. डॅनिश राजाच्या आश्रयाने तिथे १७०६ पासून लुथरपंथी मिशन चालू होते. या लोकांनी चर्चइतकेच महत्त्व प्राथमिक शाळेला का दिले, हे समजून घेतले पाहिजे. मार्टिन लुथरने १५२४ मध्येच जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, शाळा काढा असे कळवले होते. प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या डोळ्यांनी वाचला पाहिजे, हे त्यामागचे एक कारण. शिकलेली माणसे नसतील तर नगराचा कारभार आणि घरचा संसारही नीट चालणार नाही, हे दुसरे. म्हणून तरंगमबाडीच्या शाळेत मुले तमिळमधून शिकत आणि मुलींनाही तिथे जागा होती.

श्वार्ट्झ जिथे शिकला ते हाले हे गाव याच परंपरेतले. तिथल्या फ्रांकेच्या शाळांत पाठांतराबरोबर प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवण्याची रीत होती. शंखशिंपले, खनिजे, उपकरणे यांचा मोठा संग्रहच तिथे होता. श्वार्ट्झ तमिळ शिकला, फारसी शिकला आणि तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. १७८५ च्या सुमारास इंग्रज रेसिडेंटच्या साहाय्याने त्याने तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे शाळा काढल्या. ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची मुले तिथे येऊ लागली.

तुळजाजींच्या पश्चात गादी त्यांचे बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली आणि दत्तक मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडल्यासारखे ठेवले, शिक्षण तर दूरच. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या, मुलाच्या शिक्षणाची सोय लावून घेतली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके या दुसऱ्या लुथरपंथी मिशनऱ्याने त्यांना शिकवले. दत्तकाचा वाद चालूच होता. त्याचा निकाल सरफोजींच्या बाजूने लागला आणि जून १७९८ मध्ये ते गादीवर आले. पण तो दिवस पाहायला श्वार्ट्झ उरला नव्हता. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला तो वारला होता.

गादी मिळाली, पण राज्य गेले. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीने घेतला. राजाकडे किल्ला, वर्षासन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. मिशनरी आणि कंपनी यांची जवळीकही या साऱ्या कहाणीत आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. सत्ता गेलेले राजे पुष्कळ झाले. त्यांतले किती नाचगाण्यात आणि कर्जात बुडाले! सरफोजींनी मात्र हाती उरलेला पैसा आणि वेळ विद्येकडे वळवला.

त्यांनी मोफत शाळा चालवल्या, ओरथनाडच्या मुक्तांबाल छत्रातली शाळा त्यांतली एक. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. महाराष्ट्रात अजून मराठी छपाई रुळायची होती, त्या काळात तंजावरात इसापच्या गोष्टी मराठीत छापून मुलांच्या हाती पडल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईच्या, तोंडून जगाचा भूगोल सांगितला. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले, डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह टिपणे ठेवली गेली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी हजारो पोथ्या-पुस्तकांनी भरले. वस्तू पाहा, नोंद करा, मग बोला, ही हालेची रीत इथे दिसते.

आणि धर्म? राजा ख्रिस्ती होईल अशी आशा मिशनऱ्यांत होती. सरफोजी झाले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिरावर त्यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, पुढे काशीयात्राही केली. पण गुरूला ते विसरले नाहीत. लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात सरफोजींनी धरला आहे, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

मग श्वार्ट्झची शाळा फसली म्हणायची का? मिशनच्या हिशेबात कदाचित तसे धरले गेले असेल. मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः वाचायला शिकवायचे, त्याने विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने निवड करील हे गृहीत धरायलाच हवे. ती निवड आपल्या मनासारखी झाली नाही तरी शिकवणे वाया जात नाही. श्वार्ट्झला अनुयायी मिळाला नाही, पण शाळा काढणारा विद्यार्थी मिळाला.

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक गेले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. सरस्वती महाल मात्र टिकला. मुलांना शाळेच्या फाटकाशी सोडताना आपणही मनाशी काही बेत ठरवलेले असतात. मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी आपल्या विचारांची व्हावी. त्या वेळी तंजावरच्या त्या पंतोजींची आठवण ठेवावी.