थोर वादक पाब्लो कासाल्स

माझ्या आजोबांकडे एक एकतारी आहे. तिचा भोपळा वाळवून, पोखरून त्यांनी स्वतः तयार केला. एकादशीला ते ती घेऊन देवळात भजनाला बसतात. एकदा बाईंनी वर्गात सांगितले की, जगातल्या एका फार मोठ्या वादकाचे लहानपणीचे वाद्यसुद्धा भोपळ्याचे आणि एकाच तारेचे होते. मला खूप नवल वाटले. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचे नाव पाब्लो कासाल्स. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेन देशातल्या व्हेंड्रेल या छोट्या गावी झाला. स्पेन हा देश गाण्याबजावण्याचा आहे. तिथे गिटार खूप वाजवतात. दक्षिणेला फ्लेमेंको असतो. त्यात गाणे, गिटार, टाळ्या आणि टाचांचा ताल सगळे एकदम चालते. कासाल्स यांचा भाग म्हणजे कॅटलोनिया. तिथली माणसे चौकात एकमेकांचे हात धरून गोल नाचतात, आपल्या फेरासारखी. त्या नाचाला सार्दाना म्हणतात. तिथली भाषाही वेगळी आहे. त्या भाषेत त्यांचे नाव पाउ. पाउ म्हणजे शांतता असाही अर्थ होतो.

त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. एकदा गावात फिरते कलाकार आले. त्यातला एक जण झाडूच्या दांड्याला तार लावून वाजवत होता. छोट्या पाब्लोने ते पाह्यले आणि घरी येऊन वडिलांना सांगितले. मग वडिलांनी भोपळा घेऊन त्याला तसेच वाद्य करून दिले. ते अजून त्यांच्या समुद्रकाठच्या घरात जपून ठेवले आहे. आता त्या घराचे संग्रहालय झाले आहे.

अकरा वर्षांचे असताना त्यांनी खरा चेलो ऐकला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून तो गजाने वाजवतात. वडिलांना वाटे की मुलाने सुतारकाम शिकावे, कारण संगीतावर पोट भरत नाही. पण आईने ऐकले नाही. ती १८८८ साली मुलाला घेऊन बार्सिलोना शहरात गेली. तेव्हा चेलो शिकवताना काखेत पुस्तक धरायला लावत, म्हणजे हात हलू नये. कासाल्स यांना ते पटले नाही. त्यांनी हात मोकळा सोडून वाजवायची नवी रीत काढली. आता सगळे तसेच वाजवतात.

१८९० साली त्यांना एका दुकानात जुनी वही सापडली. त्यात बाख या जर्मन संगीतकाराने एकट्या चेलोसाठी लिहिलेले संगीत होते. लोक ते विसरले होते. कासाल्स यांनी त्याचा बारा वर्षे रोज सराव केला आणि मगच ते लोकांपुढे वाजवले. मला तर दोन दिवसांत पाढे पाठ नाही झाले तर कंटाळा येतो.

पुढे ते राजाराणींपुढे वाजवू लागले. पण १९२० साली त्यांनी बार्सिलोनात स्वतःचे पैसे घालून मोठा वाद्यवृंद काढला. कामगारांना कमी पैशात संगीत ऐकता यावे म्हणून त्यांनी मुद्दाम कार्यक्रम केले.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले. १९३९ साली फ्रँको हा हुकूमशहा जिंकला. कॅटलोनियाच्या भाषेत शाळेत शिकवायला बंदी आली. चार लाखांहून जास्त माणसे डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये पळाली. त्यांना छावण्यांत ठेवले. एक छावणी तर समुद्राच्या वाळूतच होती, भोवती काटेरी तार. कासाल्स यांनाही देश सोडावा लागला. ते फ्रान्समध्ये प्राद या गावी राहिले. ते छावण्यांत जाऊन कपडे, अन्न आणि पैसे देत, आणि मदतीसाठी पत्रे लिहीत बसत.

हे ऐकताना मला आमचा कॅम्प आठवला. आमचे गाव कॅम्प ४ ला लागून आहे. लालचक्कीला आम्ही बाजाराला जातो. मला वाटायचे कॅम्प हे नुसते नाव. पण दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर नाव मिळाले. मी जिथून वह्या आणते त्या दुकानातले आजोबा लहानपणी बराकीत राहत होते. त्यांनी सांगितले की, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि पलीकडे दुसरे कुटुंब. त्यांचे घर शिकारपूरला होते. ते त्यांनी परत कधी पाहिले नाही.

दुसरे महायुद्ध संपले तरी फ्रँको राहिलाच. मोठ्या देशांनी त्याला हटवले नाही. तेव्हा कासाल्स यांनी ठरवले की, जे देश फ्रँकोला मानतात तिथे आपण वाजवायचे नाही. काही वर्षे तर त्यांनी कुठेच जाहीर कार्यक्रम केला नाही. मला हे पटले नाही. वाजवले नाही तर फ्रँकोला काय फरक पडणार? मी आजोबांना विचारले. ते म्हणाले की, रोज भजन चालते तेव्हा कोणी काही विचारत नाही, पण एका एकादशीला बंद राहिले तर सगळा गाव विचारत येतो. मग मला कळलं. १९५० साली जगातले मोठे वादक कासाल्स यांना भेटायला आणि त्यांच्याबरोबर वाजवायला त्या छोट्या प्राद गावीच आले.

नंतर ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिको बेटावर राहिले. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत त्यांनी पक्ष्यांचे एक जुने कॅटलन लोकगीत वाजवले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी ते वारले. फ्रँको १९७५ साली मेला. स्पेनमध्ये लोकशाही आल्यावर १९७९ साली कासाल्स यांची शवपेटी त्यांच्या गावी नेली. जिवंतपणी मात्र त्यांना तिथे राहायला मिळाले नाही.

आमच्या वर्गात वीटभट्टीवर आलेल्या माणसांचा एक मुलगा आहे. त्याची बोली ऐकून आम्ही हसायचो. मीसुद्धा हसले. आता मी हसत नाही. शनिवारी परिपाठात त्याने त्याच्या घरचे गाणे म्हटले. चाल सोपी आहे. आजोबांनी ती एकतारीवर धरली.

खालचे चित्र मी काढले आहे. डावीकडे चेलो, उजवीकडे आमची एकतारी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी